न पाहिलेलं म्हातारपण

ज्या नटांवर आपण लहानपणी जीव टाकलेला असतो ते आपल्या डोळ्यांदेखत हळूहळू म्हातारे होत जातात, त्यांच्याबरोबर आपणही होत जातो, आणि त्यात एक न बोललेली सोबत असते बघा. निळूभाऊंचे पिकलेले केस आपण पाहिले, डॉक्टर लागूंचा आवाज थकत गेलेला ऐकला, रमेश देव तर नव्वदी ओलांडेपर्यंत आपल्यात होते. अरुण सरनाईकचं असं काहीच आपल्या वाट्याला आलं नाही. 21 जून 1984 रोजी पुणे-कोल्हापूर रस्त्यावर मोटार अपघातात तो गेला, त्याच्यासोबत पत्नी आणि मुलगाही गेला, आणि तेव्हा त्याचं वय होतं 48. आज मी ते वय कधीच मागे टाकलंय, आणि जुन्या सिनेमात तो पडद्यावर आला की माझ्याहून धाकट्या माणसाकडे मी अजूनही लहान मुलीच्या नजरेनं, मान वर करून बघते, याचं माझं मलाच नवल वाटतं.

आमचं गाव गारगोटीच्या वाटेवरचं. आणि तो जन्मला गारगोटीत, 4 ऑक्टोबर 1935 ला, एवढ्या एका धाग्यावर आमच्या आत्तीनं त्याला घरचाच करून टाकला होता. "आपल्या वाटंवरचं पोरगं हाय ते," असं ती इतक्या सहज म्हणायची की कुणालाही वाटावं, तो सकाळी एसटीची वाट बघत आमच्या कट्ट्यावर टेकून गेलाय. सुगी संपली, माणसांच्या हातात चार पैसे खुळखुळायला लागले की गावाबाहेरच्या माळावर टुरिंग टॉकीजचा तंबू उभा राहायचा, आणि दुपारीच दोन्ही अंगांना पोस्टरं बांधलेली बैलगाडी कर्ण्यावरून ओरडत गल्लीतून फिरून जायची, तिच्यामागं आम्ही पोरं धुरळ्यात अनवाणी पळायचो. संध्याकाळी आत्ती लवकर चूल पेटवी, भाकऱ्या टोपलीत झाकून ठेवी, डोक्याला खोबरेल लावून चापून-चोपून अंबाडा घाली, वर अबोलीचा गजरा, आणि ओच्यात भाजलेल्या शेंगा बांधून आम्ही निघायचो. तंबूत बायकांची बाजू वेगळी, मध्ये कनात, बसायला खाली गार माती. त्या मातीचा, तंबाखूचा, बाहेर धडधडणाऱ्या इंजिनाच्या तेलाचा आणि शेजारणीच्या गजऱ्याचा मिळून जो एक वास व्हायचा तो मला त्यानंतर जगात कुठंही भेटला नाही, आणि खरं सांगायचं तर मी तो शोधायचंही सोडून दिलंय. आधी देवाच्या गाण्याची तबकडी लागायची, मग अंधार, आणि मग घासून घासून पाऊस पडल्यागत झालेल्या त्या जुन्या प्रिंटमधून फेटा बांधलेला, हसरा, किंचित खोडकर डोळ्यांचा अरुण सरनाईक. बायकांच्या बाजूला एक बारीकसा हुंकार उठायचा. आत्ती शेंगा सोलायची थांबायची.

अनंत मान्यांच्या 'शाहीर परशुराम'मधून 1961 साली तो पडद्यावर आला. पुढच्याच वर्षी राजा ठाकुरांचा 'रंगल्या रात्री अशा', 1964 ला जयश्री गडकरांबरोबर 'सवाल माझा ऐका', मग 'केला इशारा जाता जाता', अशी ती रांग लागली. आमच्या माळावर हे सगळे सिनेमे बऱ्याच वर्षांनी, शहरांतून फिरून थकून पोचायचे, आणि क्रमही उलटसुलट, त्यामुळे माझ्या मनात तो कधी वयानं वाढलाच नाही. एका जत्रेला थोराड दिसला तर पुढच्या जत्रेला कोवळा व्हायचा.

तमाशाप्रधान सिनेमातल्या नायकाचं एक काम फार अवघड असतं, आणि त्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. त्याला लोडाला टेकून, समोर नाचणाऱ्या बाईकडे बघत, आख्खी लावणी ऐकायची असते. बहुतेक नायक तिथं मिशीला पीळ देतात, नाहीतर नुसते हसत बसतात. अरुण सरनाईक खरोखर ऐकायचा. ढोलकीच्या बोलाबरोबर त्याची बोटं मांडीवर हलायची, मान हलायची ती नेमकी समेवर, आणि दाद ओठांवर यायच्या आधी डोळ्यांत उतरलेली असायची. नाचणारीला मान मिळतो तो असा ऐकणारा समोर असला की, असं मला आता वाटतं. तेव्हा यातलं काही कळत नव्हतं; आत्तीला मात्र न शिकता कळलं होतं. "त्येचं बोलणं बी गाण्यागत लागतंय गं कानाला," ती घरी परतताना म्हणायची, हातातल्या कंदिलाचा उजेड पायवाटेवर डुलत असायचा, आणि मागं कुठंतरी गडी माणसं तीच लावणी भसाड्या आवाजात म्हणत चाललेली असायची.

हे कानाचं देणं त्याच्या घरातूनच आलेलं. वडील शंकरराव सरनाईक, 'महाराष्ट्र कोकिळ' म्हणून गाजलेले गायकनट, यशवंत नाटक मंडळीचे मालक. नात्यातलेच निवृत्तीबुवा सरनाईक, जयपूर-अत्रौली घराण्याचे मोठे गवई. ज्या घरात सकाळ तंबोऱ्याच्या सुरानं उजाडत असेल, तिथल्या मुलाला लय वेगळी शिकवावी लागत नसणार. तो तबला वाजवायचा, पेटी वाजवायचा आणि गायचाही. गाण्यानं श्रीमंत असलेल्या घरातून येऊन तो सिनेमातला नायक झाला, आणि ती श्रीमंती त्यानं कधी अंगावर मिरवली नाही. ती त्याच्या चालण्यात, वाक्य मध्येच किंचित थांबवून पुढं सोडण्यात, नुसती मुरलेली होती.

'घरकुल' 1970 चा. त्यातलं ते पप्पा आणि मम्मीचं गाणं तुम्ही ऐकलेलंच असणार, मराठी घरात वाढलेलं मूल ते ऐकल्याशिवाय मोठं होत नाही. गदिमांचे शब्द, सी. रामचंद्रांची चाल, सोबत प्रमिला दातार आणि राणी वर्मा, आणि पप्पांचा आवाज स्वतः अरुण सरनाईकचा. त्या आवाजात गवयाचा थाट अजिबात नाही. कामावरून आलेला, हातपाय धुऊन ओसरीवर बसलेला कुणाचाही बाप मुलाला मांडीवर घेऊन गाईल तसा तो गातो, थोडा हसत, थोडा लाडावून. आमच्याकडे रेडिओवर 'आपली आवड'मध्ये ते लागलं की रात्रीच्या जेवणाची भांडी वाजायची थांबत आणि वडील, जे एरवी कधी गुणगुणायचे नाहीत, पानाला चुना लावता लावता ओठांतल्या ओठांत म्हणायचे.

जूनमधल्या त्या दिवसानंतर या गाण्याचं काय झालं हे तुम्हाला कसं सांगू! बातमी आली तेव्हा पाऊस नुकता धरत होता, परड्यात पेरणीची गडबड, ओल्या घोंगड्यांचा वास घरभर, आणि आत्ती चुलीपुढं फुंकणी हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच बसून राहिली, चूल विझली तरी. त्या संध्याकाळी आमच्या घरी कुणी रेडिओ लावला नाही. पुढं काही महिन्यांनी ते गाणं पहिल्यांदा लागलं तेव्हा आईनं उठून बटण फिरवलं, आवाज लहान लहान करत गेली, पण बंद काही केला नाही. घराचं, आईबापांचं आणि लेकरांचं गाणं, आणि ते गाणाऱ्याचं घर असं रस्त्यावर विस्कटलेलं. तेव्हापासून त्या चालीतला आनंद ऐकताना घशाशी काहीतरी अडकतं, आणि माझ्या नातवंडांना ती ऐकवताना मी त्यातलं काही त्यांना सांगत नाही.

आणि मग 'सिंहासन'. 1979, जब्बार पटेलांचा सिनेमा, अरुण साधूंच्या 'सिंहासन' आणि 'मुंबई दिनांक' या दोन कादंबऱ्यांवरून तेंडुलकरांनी लिहिलेला. कोल्हापुरात आम्ही तो बघायला गेलो तेव्हा आत्ती हट्टानं सोबत आली होती, नवं लुगडं नेसून. पडद्यावर फेटा नव्हता, ढोलकी नव्हती. होता पांढऱ्या कपड्यांतला मुख्यमंत्री जिवाजीराव शिंदे, खुर्ची हलतेय हे कळलेला, आणि कळलंय हे कुणाला कळू न देणारा. समोर विश्वासराव दाभाडे म्हणजे डॉक्टर लागू, पत्रकार दिगू टिपणीस म्हणजे निळू फुले, डिकास्टा म्हणजे सतीश दुभाषी, एकाहून एक तालेवार माणसं, आणि त्यांच्या मधोमध हा, आवाज न चढवता, चेहरा न हलवता. लावणी ऐकताना जो माणूस सगळा चेहऱ्यावर यायचा, त्यानं इथं सगळं आत ओढून घेतलं होतं. ऐकण्याची सवय तेवढी तीच राहिली होती. इथंही तो बोलण्यापेक्षा ऐकतो जास्त, आणि समोरच्याच्या वाक्यात खोट कुठं आहे ते बेसूर जागेसारखं टिपतो. परतीच्या एसटीत आत्ती बराच वेळ गप्प होती. मग खिडकीतून बाहेर बघत म्हणाली, "लई एकटा दिसला गं." त्या भूमिकेवर पुढं पुष्कळ लिहिलेलं मी वाचलं, पण या चार शब्दांपलीकडचं काही मला त्यात सापडलं नाही.

माझं दुःख विचाराल तर ते इथं, या वळणावर अडकलेलं आहे. तो नायकाची कात टाकून एका मोठ्या नटाच्या अंगणात नुकता उतरला होता. त्यानंतर जेमतेम पाच वर्षं. पिकलेल्या मिशांचा अरुण सरनाईक, सुनेवर रुसलेला सासरा, पेन्शनीतला मास्तर, एखाद्या म्हाताऱ्या गवयाची भूमिका, ज्यात त्याला शेवटी पेटी पुढं ओढून स्वतःच्या आवाजात गाता आलं असतं. यातलं काहीच झालं नाही. मी हे सिनेमे मनात पुष्कळदा बघितलेत. आत्ती असताना आम्ही दोघी मिळून बघायचो, ती त्याला धोतर नेसवायची आणि मी चष्मा लावायची. आता ती नाही, माळावर प्लॉट पडलेत, तंबू लागायचा तिथं एका पतसंस्थेची इमारत आहे.

तुम्हाला सवड मिळेल तेव्हा 'सिंहासन' पुन्हा लावा. पहिल्यांदा बघताना आपण सगळेच दिगूच्या मागं मागं जातो, त्याच्या डोळ्यांनी बघतो. या वेळी दिगूला थोडं बाजूला ठेवा, जिवाजीराव गप्प बसून समोरच्याचं ऐकत असतात ते प्रसंग तेवढे नीट बघा, आणि घरात कुणी जुनं माणूस असेल तर त्यांना शेजारी बसवून बघा.