विस्तवाचा शौक

सिगारेट मी ओढत नाही, पण जुने लायटर जमवतो, हे ऐकून समोरचा माणूस गालात हसतो. अडकित्ते जमवणाऱ्याला मात्र ‘सुपारी किती खाता?’ असं कोणी विचारत नाही. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयातले नक्षीदार अडकित्ते बघताना आपल्याला कारागिरी दिसते, तोंडाचे रोग आठवत नाहीत. लायटरचं पाप अजून ताजं आहे, म्हणून तो बदनाम.

माझा जीव गुंततो तो डनहिल कंपनीच्या ‘युनिक’मध्ये. हा १९२० च्या दशकातला, एका हाताने पेटणारा लायटर. वाइज आणि ग्रीनवुड या दोघांनी त्याचा पहिला नमुना चक्क कोलमनच्या मोहरीच्या पत्र्याच्या डब्यातून घडवला. पुढे तो सोन्याचांदीने मढला, पण खरी श्रीमंती अंगठ्याच्या त्या एका हालचालीतच होती. ठिणगी पाडणारा खडा म्हणजे दगड नव्हेच. तो लोखंड आणि सेरियम यांचा मिश्रधातू. आउअर फॉन वेल्सबाख या ऑस्ट्रियन रसायनशास्त्रज्ञाने १९०३ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. तांदळाच्या दाण्याएवढ्या त्या तुकड्यावर हा सगळा डामडौल उभा आहे.

मग १९५० च्या आसपास बेन शिलिंगफर्ड या कारागिराने डनहिलसाठी टेबलावर ठेवायचे ‘अ‍ॅक्वेरियम’ लायटर केले. पारदर्शक अ‍ॅक्रिलिक मागच्या बाजूने कोरायचं आणि खळग्यांत रंग भरायचा. समोरून पाहिलं की मासे पाण्यात तरंगताना दिसतात. दोन नग हुबेहूब सारखे मिळत नाहीत. यात लायटर नावापुरताच. पाहुणा सिगारेट बाजूला ठेवून मासेच बघत बसत असणार.

द्युपाँबद्दल माझं मत इतकं उदार नाही. १८७२ मध्ये पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या या कंपनीचा पहिला लायटर १९४१ चा. तिच्या १९७७ च्या ‘लीन्य २’चं झाकण उघडताना ‘क्लिंग’ असा खणखणीत आवाज येतो, आणि शौकीन त्या आवाजावरच माल पारखतात. लाखेचं काम सुरेखच असतं, वाद नाही. पण तो आवाज मालकापेक्षा बैठकीतल्या इतरांसाठीच जास्त असावा, असं मला वाटतं.

त्यापेक्षा दुरुस्तीत मजा आहे. वात बदला, खडा घाला, वाळलेलं रबरी वायसर काढून नवं बसवा; पन्नास-साठ वर्षं गप्प पडलेलं यंत्र पुन्हा पेटतं. वापरून फेकायच्या प्लास्टिकच्या लायटरला हे भाग्य नाही.

सिगारेटच्या डब्या घेतो, अधूनमधून एखादी राखदाणीही. होल्डर मात्र घेत नाही. लायटर पुसला की स्वच्छ होतो. जुन्या अंबरच्या होल्डरला नाक लावलं, तर कुणाच्या तरी ओठांतून गेलेल्या धुराचा कुबट, जळका वास आत बसलेला असतो. दुकानदार कोरीवकाम दाखवत राहतो आणि मी तो खाली ठेवतो.