गॅस्केट गेले, पण दोष कोणाचा?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट मुळात २०३० सालासाठी ठरले होते; भारताने ते २०२५ मध्येच गाठले. त्यानंतर देशभर उठलेली चर्चा मुख्यतः मायलेज, रबरी नळ्या आणि जुन्या गाड्या यांभोवती फिरत राहिली. या गदारोळात एक छोटा वर्ग मात्र वेगळाच हिशेब मांडत होता. टर्बो पेट्रोल गाडी विकत घ्यायची आणि तिच्या इंजिनाची शक्ती कारखान्याने ठरवलेल्या मर्यादेपलीकडे न्यायची, असा छंद जोपासणाऱ्यांचा हा वर्ग. त्यांना मायलेजची फारशी फिकीर नसते. त्यांची नजर असते ऑक्टेनवर. आणि ऑक्टेनचा प्रश्न शेवटी येऊन थांबतो तो जेमतेम एक मिलिमीटर जाडीच्या एका पत्र्यापाशी. त्याचे नाव हेड गॅस्केट.

इंजिनाचा खालचा भाग म्हणजे ब्लॉक, वरचा भाग म्हणजे हेड. दोहोंच्या मध्ये गॅस्केट दाबून बसवलेले असते. त्याच्या एका बाजूला जळता वायू, दुसऱ्या बाजूला उकळण्याच्या बेतात असलेले कूलंट आणि तिसऱ्या बाजूला दाबाखाली फिरणारे ऑइल. या तिघांची गाठ कधीही पडू न देणे, एवढेच त्याचे काम. पण त्यावरचा भार पाहिला की हे काम किती कठीण आहे ते ध्यानात येते. ७५ मिलिमीटर व्यासाच्या सिलिंडरमध्ये ज्वलनाचा दाब १०० बारपर्यंत गेला, तर हेडला वर ढकलणारे बल सुमारे ४४ हजार न्यूटन होते. म्हणजे साडेचार टन वजन खालून वर उसळावे तसे. मिनिटाला ६,००० फेऱ्यांच्या वेगाने इंजिन धावत असेल, तर प्रत्येक सिलिंडरमध्ये हा धक्का सेकंदाला ५० वेळा बसतो.

या धक्क्याला तोंड देतात ते हेडचे बोल्ट. बोल्ट आवळला की तो किंचित ताणला जातो आणि एखाद्या ताठ स्प्रिंगसारखा हेडला ब्लॉककडे ओढून धरतो. गॅस्केटची खरी ताकद या ओढीतच असते. ओढ जोपर्यंत वायूच्या उसळीपेक्षा पुरेशी जास्त आहे, तोपर्यंत जोड घट्ट राहतो. मात्र ही ओढ थेट मोजता येत नाही. पान्यावर दिसतो तो पीळ, आणि त्या पिळाचा सुमारे ९० टक्के भाग आट्यांमधील व बोल्टच्या डोक्याखालील घर्षणावर मात करण्यातच खर्च होतो. बोल्ट ताणण्यासाठी उरतो तो फक्त दहावा हिस्सा. आट्यांमध्ये गंज असेल, तेल चुकीचे लावले असेल किंवा एकदा ताणून सैलावलेला बोल्ट पुन्हा वापरला असेल, तर पाना अचूक आकडा दाखवतो आणि जोड मात्र सैल राहतो.

त्यातच धातूंची हालचाल असते. हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक बिडाचा, अशी जोडी अनेक इंजिनांत आढळते. चारशे मिलिमीटर लांबीचे हेड ८० अंशांनी तापले, तर ते सुमारे पाऊण मिलिमीटरने वाढते. तितकेच लांब बीड त्याच्या निम्म्याहूनही कमी वाढते. म्हणजे प्रत्येक वेळी इंजिन तापताना आणि निवताना हेड ब्लॉकवर किंचित घासत राहते. ही सरक सोसता यावी म्हणून हल्लीची गॅस्केटे स्प्रिंग स्टीलच्या तीन-चार पातळ थरांची बनवतात. थरांवर उठावाच्या कडा असतात आणि वर रबराचा अतिशय पातळ लेप असतो. ती उत्तम टिकतात, पण दोन्ही पृष्ठभाग सपाट आणि गुळगुळीत असले तरच. जुनी, मऊ संमिश्र गॅस्केटे फिटरच्या हातून राहिलेला खडबडीतपणा पोटात घालत. पोलादी गॅस्केट तो खपवून घेत नाही.

टर्बो लावलेल्या इंजिनात कारखान्याचे अभियंते या साऱ्याचा हिशेब करून वर थोडी राखीव जागा सोडतात. राजस्थानातला ४५ अंशांचा उन्हाळा, घाटातली चढण, निकृष्ट इंधन, देखभालीतली हयगय, या सगळ्यांसाठी ती जागा असते. गाडीच्या ईसीयूचा कार्यक्रम बदलून, म्हणजे रीमॅप करून, टर्बोचा दाब वाढवला की एकही सुटा भाग न बदलता शक्ती पंचवीस-तीस टक्क्यांनी वाढू शकते. ही शक्ती शून्यातून निर्माण होत नाही. ती त्या राखीव जागेतून उसनी घेतलेली असते.

उसनवारीचा तगादा लावणारा सावकार म्हणजे नॉकिंग. ठिणगी पडल्यावर ज्योत क्रमाने पसरत जावी, अशी अपेक्षा असते. पण दाब आणि तापमान फार वाढले, तर ज्योत पोहोचण्यापूर्वीच कोपऱ्यातील मिश्रण आपोआप पेटते. सिलिंडरमध्ये दाबाच्या लहरी सेकंदाला हजारो वेळा आदळू लागतात. धातूच्या भिंतीलगत वायूचा जो तुलनेने थंड थर संरक्षण देत असतो, तो या लहरी पुसून टाकतात आणि उष्णता थेट धातूत शिरते. हेड क्षणार्धासाठी केसभर उचलले जाते, गॅस्केटच्या कडेवरचा दाब सुटतो आणि त्या फटीतून जळता वायू निसटतो. हे एकदा घडले तर काही बिघडत नाही. महिनोन्महिने घडत राहिले, तर लेप जळतो, कड झिजते आणि एके दिवशी वायूला कूलंटची वाट सापडते.

ही प्रक्रिया किती निमूटपणे चालते, हे कोइम्बतूरमधील एका गॅरेजात दिसून आले. पंप, कापडगिरण्यांची यंत्रे आणि मोटारशर्यती या तिन्हींमुळे त्या शहरात यंत्र ओळखणाऱ्या हातांची परंपरा आहे. तिथे एका तरुणाने जुनी टर्बो गाडी आणली. त्याने ती वर्षभरापूर्वी बंगळूरूहून विकत घेतली होती. त्या वर्षात हेड गॅस्केट दोनदा बदलून झाले होते आणि तरीही कूलंट कमी होतच होते. कुठे थेंबभर गळती नव्हती. तिसऱ्यांदा आणखी भारी, शर्यतीच्या गाड्यांत वापरतात तसे गॅस्केट बसवावे, एवढीच त्याची मागणी होती.

गॅरेजच्या वयस्कर मिस्त्रींना सगळे अण्णा म्हणत. त्यांनी आधी इंजिन थंड असताना सुरू केले आणि रेडिएटरची वरची नळी हाताने दाबून पाहिली. मिनिटभरातच ती टणक झाली. कूलंट तापण्याआधीच नळीत दाब भरत होता, म्हणजे तो वायूचा होता. मग कूलंटच्या टाकीतील हवा त्यांनी निळ्या रंगाच्या तपासणी द्रवातून जाऊ दिली. द्रव पिवळा पडला. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड कूलंटपर्यंत पोहोचला होता. हेड उतरवून त्यावर सरळपट्टी आडवी धरली आणि खाली फीलर गेज सरकवला. फट ०.१२ मिलिमीटर निघाली. अशा हेडला सामान्यतः ०.०५ मिलिमीटरच्या आतच वाक चालतो. आधीच्या दोन्ही वेळी हेडला फेस न मारताच नवे गॅस्केट बसवले गेले होते.

अण्णांच्या मते हेही मूळ कारण नव्हतेच. हेड वाकले कशामुळे, हा खरा प्रश्न होता. हेडला फेस मारून, नवे बोल्ट घालून आणि कारखान्याच्याच दर्जाचे गॅस्केट बसवून त्यांनी स्कॅनर जोडला व गाडी जपून रस्त्यावर नेली. बूस्टचा आकडा मूळ आराखड्यापेक्षा बराच वर चढत होता आणि नॉक सेन्सर ठिणगीची वेळ वारंवार मागे खेचत होता. पूर्वीच्या मालकाने उच्च ऑक्टेन पेट्रोल गृहीत धरून रीमॅप करून घेतला होता आणि विकताना त्याविषयी चकार शब्द काढला नव्हता. नवा मालक बिचारा साधे पेट्रोल भरत होता.

“अण्णा, मग भारी गॅस्केट घातले असते तर?” तरुणाने विचारले.

“तंबी, घरातला फ्यूज पुन्हा पुन्हा उडतो म्हणून कोणी तिथे जाड तार घालतो का?” अण्णा म्हणाले. “गॅस्केट तुला सांगत होते. तू दोनदा त्याचेच तोंड बंद केलेस.”

मूळ कार्यक्रम पुन्हा भरल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायला त्यांनी नकार दिला. तरुणाने थोडी कुरकुर केली आणि मग मान्य केले. वाढीव शक्ती गेली, कूलंटची पातळी मात्र जागच्या जागी राहू लागली.

दोष गॅस्केटवर ढकलण्याची सवय जगभर जुनी आहे. टोयोटाच्या सुप्रा गाडीत १९८०च्या दशकाच्या उत्तरार्धात आलेले ७एम-जीटीई हे तीन लिटरचे सहा सिलिंडरी टर्बो इंजिन हेड गॅस्केट उडवण्यासाठी कुप्रसिद्ध झाले. ब्लॉक बिडाचा, हेड ॲल्युमिनियमचे. कारखान्याने हेड बोल्टसाठी ठरवलेला पीळ सुमारे ७८ न्यूटन-मीटर होता आणि तो अपुरा असल्याचे अनुभवी मिस्त्रींच्या लवकरच लक्षात आले. पृष्ठभाग नीट घासून, पोलादी गॅस्केट बसवून आणि बोल्ट अधिक घट्ट आवळून बांधलेली तीच इंजिने पुढे मूळ शक्तीच्या दुप्पट भारही पेलू लागली. गॅस्केटला मिळणारी बदनामी बऱ्याच अंशी बोल्टच्या वाट्याची होती.

याचा अर्थ भक्कम गॅस्केट आणि मजबूत स्टड निरुपयोगी आहेत, असा नव्हे. शर्यतीच्या इंजिनाला त्यांची गरज असतेच. पण तिथे पिस्टन, कनेक्टिंग रॉड, इंधनपंप, इंटरकूलर आणि ईसीयूचा कार्यक्रम हे सारे एकत्र बदललेले असते. नुसते गॅस्केट बळकट केले, तर नॉकिंग थांबत नाही. ते पुढचा कमकुवत दुवा शोधते. मग पिस्टनच्या रिंगांमधील कडा तुटतात किंवा कनेक्टिंग रॉड वाकतो. गॅस्केटचा खर्च हजारांत असतो, या पडझडीचा लाखांत. पहिल्यांदा हार मानणारा भाग पुष्कळदा सर्वांत स्वस्तात इशारा देणारा भाग असतो.

आता पुन्हा इथेनॉलकडे. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या आकड्यांनुसार इथेनॉलचा ऑक्टेन सुमारे १०८.५, तर पेट्रोलचा ८४.४ आहे, आणि बीएस-६ च्या ९१ ऑक्टेनच्या इंधनाची पातळी २० टक्के मिश्रणामुळे ९५ पर्यंत पोहोचली आहे. शिवाय बाष्पीभवन होताना इथेनॉल पेट्रोलच्या दुपटीहून अधिक उष्णता शोषते, त्यामुळे आत शिरणारे मिश्रण थंड होते. नॉकिंगच्या दृष्टीने या दोन्ही गोष्टी गॅस्केटच्या हिताच्याच आहेत.

दुसरी बाजूही आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला फक्त ९. म्हणजे तेवढ्याच हवेसाठी मिश्र इंधन जास्त लागते. मूळ स्थितीतली, या इंधनासाठी बनवलेली गाडी हा फरक स्वतःच भरून काढते. पण रीमॅप केलेल्या गाडीत इंधनपंप आणि इंजेक्टर आधीच मर्यादेला टेकलेले असतील, तर पूर्ण भाराच्या क्षणी इंधन अपुरे पडते, ज्वलन अधिक तापते आणि ऑक्टेनने दिलेला दिलासा तिथेच संपतो. त्याहून मोठा धोका माणसाच्या स्वभावातला आहे. इंधन सुधारले, तर बूस्ट आणखी थोडा वाढवू, हा मोह. राखीव जागा जेवढी वाढेल तेवढी खर्च करण्याची वृत्ती असेल, तर कोणतेही इंधन गॅस्केटला वाचवू शकत नाही.

कायद्याने या विषयाला हात घातला आहे. नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील कारखान्याच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल वाहनात करता येणार नाहीत, हे सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अवैध बदलांसाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही, अशी तरतूद केली. पण रंग, टायर किंवा सायलेन्सर डोळ्यांना दिसतो. ईसीयूतील बदललेला कार्यक्रम दिसत नाही. जुन्या गाड्यांच्या बाजारात तो सहज लपून राहतो, आणि एकाने उधळलेल्या राखीव जागेचे देणे दुसरा फेडत बसतो.

म्हणून जुनी टर्बो गाडी घेताना काही गोष्टी अगत्याने कराव्यात. इंजिन पूर्ण थंड असतानाच पाहायला जावे. सुरू केल्यावर मिनिटभरात वरची नळी टणक होते का, कूलंटमध्ये बुडबुडे येतात का, ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ साय धरली आहे का, हे तपासावे. स्कॅनर जोडून प्रत्यक्ष चालत्या गाडीतला बूस्ट आणि नॉक सेन्सरचे आकडे पाहावेत. हेड गॅस्केट पूर्वी बदलले असेल, तर ते का बदलावे लागले, हे विचारावे. ‘खराब झाले म्हणून’ हे त्याचे उत्तर नव्हे.

आणि ज्याने आपल्या गाडीत बदल करून घेतले आहेत, त्याने विकताना ते कागदावर लिहून द्यावेत. किंमत थोडी कमी येईल. पण पुढचा मालक कोणते इंधन भरायचे, इंजिन किती ताणायचे आणि कधी थांबायचे, हे जाणून ती गाडी चालवेल.