पाळीची पाटी

परदेशीं शिकावयास निघालेल्या मुलामुलींना वडीलधारी मंडळी थंडी, पैसा आणि खाणेंपिणें यांविषयीं पुष्कळ उपदेश करतात. तो उपयोगीही पडतो. परंतु नवख्या गांवीं शेजार कसा जोडावा, हें सहसा कोणी सांगत नाहीं.

आम्ही तिघी मैत्रिणी यंत्रशास्त्राच्या पुढील अभ्यासासाठीं जर्मनींतील स्टुटगार्ट येथें दोन वर्षें राहिलों. हें शहर १९६८ सालापासून मुंबईचें भगिनी-नगर आहे. पण नगरांचें नातें जुळलें म्हणून माणसांचें आपोआप जुळत नाहीं. बिऱ्हाड केल्यापासून दोन आठवड्यांच्या आंत कचेरींत जाऊन पत्ता नोंदवावा लागतो. तेवढ्यानें कागदोपत्रीं आम्ही गांवकरी झालों. प्रत्यक्षांत आमचें जग म्हणजे विद्यापीठ, खोली आणि आपल्याकडील दहाबारा विद्यार्थी. दुखण्याखुपण्याला हीच मंडळी धांवून येत. त्यांचे उपकार विसरण्याजोगे नाहींत. मात्र रविवारीं तेथें दुकानें बंद, रस्ते सुने. भिंतीपलीकडे कोण राहतें हेंही ठाऊक नाहीं. पहिल्या हिंवाळ्यांत तर आमच्यांतील एकीनें शिक्षण सोडून घरीं परतण्याची भाषा सुरू केली.

याच सुमारास आमच्या दाराला एक पाटी अडकविलेली दिसली. त्या प्रांतांत 'केरवोखे' नांवाची जुनी रीत आहे. इमारतींतील बिऱ्हाडांनीं आठवड्याच्या पाळीनें जिना व दारापुढील वाट स्वच्छ करावयाची. ज्याची पाळी, त्याच्या दारावर पाटी. त्यांच्या शब्दांतील 'केर' म्हणजे झाडणें. आमच्या केराशीं त्याचें कांहीं नातें असो वा नसो, आम्हांला तो शब्द माहेरचा वाटला.

आम्ही झाडू घेऊन जिन्यांत उतरलों, तोंच वरच्या मजल्यावरील वृद्ध बाई आल्या आणि कठड्याखालचे कोपरे कसे पुसावे हें दाखवूं लागल्या. त्यांची स्वाबियन बोली वर्गांतल्या जर्मनहून निराळी; निम्मी समजली, निम्मी हातवाऱ्यांनीं उमगली. पुढच्या आठवड्यांत पाटी शेजारच्या दारावर गेली, पण जिन्यांतील बोलणें थांबलें नाहीं. संक्रांतीला आम्हीं सर्व बिऱ्हाडांत तिळगूळ वाटला. वसंतांत बाईंनीं सांगितलें कीं, यापुढें मला 'तूं' म्हणा. आपल्याप्रमाणेंच जर्मन भाषेंतही 'तूं' आणि आदरार्थी संबोधन असा भेद आहे, आणि 'तूं' म्हणण्याची परवानगी वडील माणसानें द्यावयाची असते. आजीच्या वयाच्या बाईंना एकेरी हांक मारतांना आमची जीभ अडखळे. पण त्या परवानगीचें मोल आम्हांस पुरतें कळलें होतें. परतण्याची भाषा करणारी मैत्रीण तर त्यांच्याकडे रोज चहाला जाऊं लागली, आणि तिनें परीक्षाही आमच्याबरोबरच दिली.

१८८३ सालीं आनंदीबाई जोशी अमेरिकेस गेल्या, तेव्हां न्यू जर्सींतील कार्पेंटर कुटुंबानें त्यांना आपल्या घरीं ठेवून घेतलें. घरचें पत्र यावयास तेव्हां आठवडेच्या आठवडे लागत. आतां आईचा चेहरा फोनवर रोज दिसतो. हें सुख मोठें आहे. पण सारी संध्याकाळ त्यांतच गेली, तर समोरचें दार ठोठावण्यास वेळच उरत नाहीं.

म्हणून ज्या घरांतून यंदा कोणी निघणार असेल, त्यांस आमची एवढीच विनंती: लोणचें अवश्य बांधून द्यावें, आणि जेथें राहशील तेथील कामांत आपली पाळी मागून घे, असेंही सांगावें. पाहुण्याला कोणी काम सांगत नाहीं. दारावर पाटी लागली, तेव्हांच त्या घरानें आम्हांला आपल्यांत मोजलें.