पुठ्ठ्यावरची नावे

वडिलांच्या पश्चात घराची डागडुजी काढली, तेव्हा माजघरातील भिंतीवरचे एक जुने छायाचित्र आम्ही भावंडांनी खाली उतरविले. खानापूर तालुक्यातील आमच्या गावच्या मराठी शाळेच्या सातवीच्या वर्गाचे ते छायाचित्र. चौकट वाळवीने पोखरलेली, काच तडकलेली. आतील चित्र मात्र बरेचसे शाबूत होते. मध्ये खुर्च्यांवर तीन गुरुजी, मागे दोन रांगांत उभे असलेले सव्वीस मुलगे, पुढे सतरंजीवर बसलेल्या चार मुली आणि त्यांच्यापुढे ठेवलेली पाटी. पाटीवर वळणदार अक्षरांत शाळेचे नाव आणि खाली 'इयत्ता ७ वी, एप्रिल १९५५'.

ते आम्ही शहरातील एका चौकटवाल्याकडे नेले. नवी चौकट थोडी लहान होती. "खालचा पुठ्ठा कापू का?" त्याने विचारले. "काप," आम्ही म्हणालो. आठवड्याने आत्या घरी आल्या. भिंतीकडे पाहून म्हणाल्या, "आणि नावं कुठं गेली रे? खाली पुठ्ठ्यावर ओळीनं लिहिलेली होती की."

तेव्हा आम्हाला आठवले. चित्राखाली बारीक अक्षरांत काहीतरी होते खरे. चाळीस वर्षे त्या भिंतीखाली आम्ही जेवलो, झोपलो, अभ्यास केला. पण ती अक्षरे कधी वाचली नाहीत. वडील होते तोवर वाचण्याची गरजच नव्हती. बोट ठेवून विचारले की ते सांगत. पुठ्ठा केव्हाच केरात गेला होता. तीस मुलांपैकी आम्हाला एकच ओळखता येत होता: आमचे वडील.

ही चूक सर्वस्वी आमची. ती थोडीफार तरी भरून काढावी म्हणून आम्ही शोधास लागलो. सतरंजीवरच्या चार मुलींपैकी एक आजी बेळगावात लेकाकडे राहतात असे कळले. त्यांच्या पुढ्यात छायाचित्र ठेवले. चेहरे त्यांनी भराभर ओळखले. परंतु नावांऐवजी त्यांच्या ओठी घरे आली. "हा नदीकाठच्या घरातला. हा देवळामागचा. ह्याला आम्ही 'बोका' म्हणायचो. खरं नाव काय बरं ह्याचं?" सत्तर वर्षांपूर्वीचे टोपणनाव आठवत होते, पाळण्यातले नाव आठवत नव्हते.

त्यांनीच आम्हाला दुसऱ्या एका वर्गबंधूंकडे धाडले. ते घरी कानडी बोलणारे, आमच्याच गावचे. काचबिंदूने त्यांची दृष्टी गेली होती. छायाचित्र त्यांना दाखवून उपयोग नव्हता. आम्ही संकोचाने विषय काढला, तर ते ताठ बसले आणि हजेरी म्हणू लागले. गुरुजी रोज सकाळी ज्या क्रमाने नावे पुकारीत, त्याच क्रमाने, त्याच चालीत, नाव, वडिलांचे नाव, आडनाव. एकतीस नावे. आम्ही मोजली, पुन्हा मोजली. चित्रात मुले तीसच होती.

"एक जास्त होतंय," आम्ही म्हणालो.

"तो मी," ते हसून म्हणाले. "फोटोच्या दिवशी मी न्हवतो. मावशीच्या गावाला जत्रेला गेलो होतो."

ज्याचा चेहरा त्या चित्रात नाही, त्याच्याजवळ साऱ्यांची नावे होती. आजींचे चेहरे आणि त्यांची हजेरी एकमेकांशी ताडून आम्ही चोवीस जण निश्चित केले. सहा चेहरे आणि सहा नावे उरली. कोणते कोणाचे, ते शेवटपर्यंत जुळले नाही.

वाचकहो, हे घरगुती प्रकरण येथे सांगण्याचे कारण आहे. ते छायाचित्र काढले तेव्हा आमचा जिल्हा मुंबई राज्यात होता. पुढे दीड वर्षाने, १ नोव्हेंबर १९५६ रोजी, तो म्हैसूर राज्यात गेला; १९७३ साली त्याच राज्याचे नाव कर्नाटक झाले. महाराष्ट्राने २००४ साली दाखल केलेल्या दाव्याच्या निमित्ताने आपण जनगणनेचे आकडे, नकाशे, गावांच्या याद्या जमवीत आलो. ते आवश्यकच आहे. परंतु आकडा सांगतो तो किती माणसे मराठी बोलत होती एवढेच. ती माणसे कोण होती, कोणत्या बाकावर बसत होती, त्यांना कोणी शिकविले, हे आपल्याच भिंतींवर लटकत आहे आणि दर पावसाळ्यात थोडे थोडे पुसले जात आहे. शिवाय आपल्या शाळेची हजेरी जपून ठेवणारा गृहस्थ घरी कानडी बोलणारा होता, हेही आम्हाला त्या छायाचित्रामुळेच कळले. भाषेवरचे प्रेम असेही असते, हे आम्ही विसरता कामा नये.

आमच्या अनुभवातून काही गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. जुने छायाचित्र चौकटीतून काढण्यापूर्वी पुढून आणि मागून जसेच्या तसे टिपून घ्यावे. पुठ्ठा, छायाचित्रकाराचा शिक्का, मागील मजकूर, काहीही कापू नये. चित्र काचेला चिकटले असल्यास ओढू नये. काचेसकट प्रत घ्यावी. चिकट पानांच्या अल्बमांतील चित्रे जपून सोडवावीत आणि कागदी पाकिटांत, ओल येणाऱ्या भिंतीपासून दूर ठेवावीत. मागे लिहावयाचे तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने, बॉलपेनने नव्हे. सत्तर-ऐंशीच्या दशकांतील रंगीत चित्रे लवकर विटतात, त्यांची प्रत आधी घ्यावी. स्कॅन निदान ६०० डीपीआयचा असावा आणि दोन-तीन वेगळ्या घरी ठेवावा. नावे डावीकडून उजवीकडे लिहावीत, कोणी व केव्हा ओळखली तेही लिहावे, आणि शंका असेल तेथे प्रश्नचिन्ह देण्यास लाजू नये.

परंतु या सर्वांआधी करावयाचे काम निराळेच आहे: घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसणे. कागद आणखी दहा वर्षे टिकेल. ओळखणारी माणसे टिकतीलच असे नाही. निपाणी, कारवार, भालकीच्या घरांत जे आहे, तेच इंदूर, ग्वाल्हेर, वडोदरा, हैदराबाद आणि गोव्यातील मराठी घरांतही आहे: मुंजीचे, मंगळागौरीचे, शाळेच्या स्नेहसंमेलनाचे एखादे चित्र, ज्यातील अर्धे चेहरे आता एकाच आजीला ठाऊक आहेत.

आमच्या माजघरात आता मोठी चौकट आहे. खाली नवा पुठ्ठा लावून त्यावर चोवीस नावे रांगेने लिहिली आहेत. त्याखाली न जुळलेली सहा नावे आहेत, आणि अगदी शेवटी एक ओळ: 'गैरहजर', व पुढे त्या गृहस्थांचे संपूर्ण नाव. ती ओळ आम्ही त्यांना वाचून दाखविली होती. गेल्या आषाढात ते वारले. ती हजेरी म्हणू शकणारे आता कोणी उरलेले नाही.