घोडेस्वार पुढे गेल्यावर

प्रिय छकुले,

परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, परिषदेनं मला सहा गावं दिलीत. एकेका गावाला महिन्यातून एकदा जेमतेम तोंड दाखवता येतं. यात पाळकपण कसलं?" तुझा आवाज रडवेला होता आणि मी परळच्या पुलावर, रहदारीत उभा होतो. तेव्हा धड काही बोलता आलं नाही, म्हणून आता सवडीनं लिहितोय. आणि उघडच लिहितोय. तुझ्यासारखी पहिलीच नेमणूक मिळालेल्या आणखी कुणाला उपयोग झाला तर बरंच आहे.

अगं, महिन्यातून एकदा येणारा पाळक ही आपल्या मेथॉडिस्ट मंडळीची मूळ रीतच आहे. 1739 साली आपले मूळपुरुष जॉन वेस्ली इंग्लंडात ब्रिस्टलला उघड्या मैदानात उभे राहिले आणि पुढची पन्नास वर्षं घोड्यावरून उतरलेच नाहीत म्हण ना. सुमारे अडीच लाख मैलांचा प्रवास! लगाम घोड्याच्या मानेवर सैल सोडायचा आणि चालत्या घोड्यावर पुस्तक वाचायचं, ही त्यांची सवय. 1771 मध्ये त्यांनी फ्रान्सिस अ‍ॅस्बरींना अमेरिकेला पाठवलं. तिथे गावं म्हणजे रानात विखुरलेल्या झोपड्या. मग ठरलं की लोक चर्चपर्यंत येणार नसतील तर पाळकानंच फिरायचं. एकेकाला एक सर्किट नेमून दिलेलं, ते पुरं करायला चार-सहा आठवडे लागायचे. खोगिराला लटकवलेल्या चामडी पिशव्यांत बायबल, गीतांचं पुस्तक, मंडळीची नियमावली आणि एखादा जादा सदरा. पगार सुरुवातीला वर्षाला 64 डॉलर, आणि तोही पुरता हाती पडेल याचा भरवसा नाही. नद्यांना पूल नसायचे, हिवतापाला औषध हाताशी नसायचं. कित्येक जण तिशी गाठण्याआधीच गेले. पुढे लोकांत म्हणच पडली, की भर वादळात बाहेर फक्त कावळे आणि मेथॉडिस्ट उपदेशक दिसायचे.

ही शौर्यकथा तुला सेमिनरीत शिकवली असेल. माझं मन मात्र त्या घोड्यापाशी थांबत नाही. 1784 मध्ये अमेरिकेत मेथॉडिस्ट सभासद होते पंधरा हजारांच्या आसपास. साठ वर्षांनी ते दहा लाखांवर गेले. महिन्याचे सत्तावीस-अठ्ठावीस दिवस पाळक गावात नसताना ही मंडळी वाढली कशी?

त्याचं उत्तर 1742 च्या ब्रिस्टलमध्ये आहे. तिथल्या मेथॉडिस्टांच्या डोक्यावर सभागृहाच्या बांधकामाचं कर्ज होतं. ते कसं फेडायचं यावर बैठक बसली. कॅप्टन फॉय नावाच्या गृहस्थांनी सुचवलं की प्रत्येकानं आठवड्याला एक पेनी द्यावी. गरिबांना तेवढंही जमणार नाही, असं कुणीतरी म्हणालं. त्यावर फॉय म्हणाले, सगळ्यांत गरीब अकरा जण माझ्याकडे द्या. ज्याला जमणार नाही त्याचं मी भरीन. मग प्रत्येक बारा जणांमागे एक वसूल करणारा नेमला. हे लोक पेनी गोळा करायला घरोघर जाऊ लागले आणि त्यांना दिसू लागलं, की अमक्याच्या घरात भांडण आहे, तमका पुन्हा दारूला लागलाय, त्या म्हातारीला तीन दिवस ताप आहे. कर्जवसुलीतून असा बारा-बारा जणांचा गट, म्हणजे क्लास, उभा राहिला. वसुली करणारा क्लास लीडर झाला. घोडेस्वार पुढच्या गावाला गेला, की मंडळी सांभाळायची ती या क्लास लीडरनं.

हे वाचताना मला आमची लालबागची चाळ आठवते. एकेका खोलीत एकाच गावचे दहा-पंधरा गिरणी कामगार राहायचे आणि त्यांचं गावकरी मंडळ असायचं. पगाराच्या दिवशी वर्गणीचं बुक घेऊन एक काका दारोदार फिरायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि सगळ्यांच्या घरचा पगार थांबला, तरी ते बुक काखेत मारून यायचेच. वर्गणीच्या रकान्यात एक आडवी रेघ ओढायचे आणि खाली बसून विचारायचे, पोरगा शाळेत जातो ना, वहिनींच्या डोळ्याचं काय झालं? आम्ही ख्रिस्ती, त्या मंडळाचे सभासदही नव्हतो. तरी आमच्या उंबऱ्यावर ते थांबायचे. क्लास लीडर म्हणजे कोण, हे मला कुठल्याही ग्रंथाआधी त्यांनी शिकवलं.

आता आपल्या मुंबईचं सांगतो. अ‍ॅस्बरी अमेरिकेत उतरल्यावर बरोबर शंभर वर्षांनी, 1871 च्या नोव्हेंबरात, विल्यम टेलर मुंबईत काम करायला आले. हा माणूस अस्सल सर्किटवाला. तरुणपणी व्हर्जिनियाच्या डोंगरांत घोड्यावर फिरलेला, सोन्याच्या धामधुमीत सॅन फ्रान्सिस्कोच्या रस्त्यावर उभा राहून उपदेश केलेला. इथे घोड्याची गरजच उरली नव्हती. 1870 मध्येच मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जोडला गेला होता. टेलरांनी मोठ्या सभा घेतल्या, पण त्यांचा खरा भर होता घराघरांत जमणाऱ्या छोट्या गटांवर. 1872 च्या सुरुवातीला त्यातूनच मुंबईची मेथॉडिस्ट मंडळी उभी राहिली. अमेरिकेचा पैसा नको, इथल्या लोकांनीच आपला पाळक पोसावा, हा त्यांचा हट्ट होता. मला तो फार मोलाचा वाटतो. मात्र एक गोष्ट खटकते, ती लपवत नाही. त्यांची मंडळी मुख्यतः इंग्रजी बोलणाऱ्यांची, अँग्लो-इंडियन आणि युरोपियनांची राहिली. मराठी माणूस बराच काळ दाराबाहेर होता.

ती उणीव ज्यांच्या आयुष्यात नव्हती ते म्हणजे जॉर्ज बोवेन. 1848 मध्ये मुंबईला आले आणि 1888 मध्ये इथेच वारले. मिशनचा पगार त्यांनी नाकारला, बंगला सोडला आणि बाजारात, देशी वस्तीत एका साध्या खोलीत राहिले. रस्त्यात उभं राहून मराठीत बोलायचे, लोकांची टिंगल सोसायचे आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच उभे राहायचे. 'बॉम्बे गार्डियन' हे पत्र त्यांनी वर्षानुवर्षं चालवलं. टेलर आले तेव्हा ते फिरस्ते आणि बोवेन ठाण मांडून बसलेले, असे दोघे एकत्र आले. बोवेन मेथॉडिस्ट मंडळीत सामील झाले. टेलर पुढच्या शहरांकडे गेले, बोवेन राहिले. कुलाब्याचं बोवेन मेमोरियल चर्च त्यांच्याच नावाचं. तुला मी लहानपणी तिथे नेलं होतं. तू कबुतरांच्या मागे धावत होतीस.

तेव्हा सहा गावांत सहा बोवेन शोध. ते शिकलेले असावेत असं काही नाही. अ‍ॅस्बरींसोबत फिरणाऱ्या हॅरी होझियर या काळ्या उपदेशकाला वाचता येत नव्हतं. वचनं ऐकून ऐकून मुखोद्गत केलेली. पुष्कळदा लोक अ‍ॅस्बरींपेक्षा त्यांचंच ऐकायला थांबायचे. तुझ्या त्या नदीकाठच्या गावातल्या आजी, ज्यांना 'उपासना संगीत' मधली गाणी पुस्तक न उघडता येतात असं तू म्हणालीस, त्यांना विचारलंस का, गुरुवारी संध्याकाळी दहा बायका ओसरीवर जमवाल का म्हणून? पुढच्या फेरीत तू उपदेश थोडा आखूड कर आणि तेवढा वेळ त्यांच्या शेजारी बस. कोण आलं नाही आणि का नाही, हे त्यांना तोंडपाठ असेल.

बाकी स्कूटरचे ब्रेक दाखवून घे, पाऊस तोंडावर आलाय. आणि सहाही गावांत क्लास कोण घेऊ शकेल, त्यांची नावं मला लिहून पाठव. इथे बुधवारच्या प्रार्थनेत ती नावं घेऊ.

मामीचा आणि माझा सलाम.

तुझा,
मामा
परळ, मुंबई