खोगिराची उंची

वाद्य शिकणाऱ्या मुलाची बोटे दुखू लागली की घरातील वडीलधारी मंडळी एकच उपदेश करतात : सराव कर, घट्टे पडतील, मग दुखणार नाही. हा उपदेश खोटा नाही. परंतु प्रत्येक वेदना साधनेचीच असते असे नाही. काही वेदना केवळ वस्तूतील दोषामुळे होतात. त्या सोसल्याने विद्या वाढत नाही, उलट विद्येचा कंटाळा येतो. हा भेद मला माझ्या बारा वर्षांच्या नातीच्या गिटारीमुळे जवळून पाहता आला.

मी सांगलीचा. आयुष्यभर फिटरचे काम शिकविले, त्यामुळे स्वरांपेक्षा मोजमापाशी माझा परिचय अधिक. नातीने सहा महिने मोठ्या हौसेने गिटार वाजविली; पुढे वाद्य गवसणीतून बाहेर येणे कमी झाले. तिच्या आईवडिलांनी ते विकून टाकण्याची भाषाही केली. ‘हिला आवडच नाही’ असा निकाल लागण्यापूर्वी वाद्य एकदा मोजून पाहावे, असे मला वाटले.

गिटारीच्या पोटावर तारा जेथे अडकविलेल्या असतात, त्या लाकडी तुकड्याला ब्रिज म्हणतात. आपल्या तंबोऱ्याची ती घोडी. ब्रिजच्या खाचेत एक पांढरी, अरुंद पट्टी उभी बसविलेली असते. तिचे नाव सॅडल, म्हणजे खोगीर. घोडीवर खोगीर, हा योग मला मौजेचा वाटला. तारेचे कंपन या पट्टीतूनच वरच्या पातळ फळीत उतरते. पट्टी उंच असली तर तारा पडद्यांपासून दूर राहतात आणि दाबण्यास अधिक बळ लागते. ती फार ठेंगणी झाली तर तारा पडद्यांवर आपटून खरखरतात, शिवाय तारेचा पट्टीवरील दाब घटून आवाजही दुबळा होतो.

ही उंची बाराव्या पडद्यापाशी मोजतात. पोलादी तारांच्या गिटारीत पडदा व तार यांतील अंतर जाड तारेखाली सुमारे अडीच मिलिमीटर आणि सर्वांत बारीक तारेखाली दोनच्या किंचित आत असावे. नातीच्या वाद्यात ते ३.४ आणि २.८ भरले. दांडीला अधिक बाक आला असेल तरीही असेच होते, म्हणून आधी ती तपासली. पहिल्या व चौदाव्या पडद्यावर तार दाबून धरली असता मध्ये दोन दशांश मिलिमीटरची फट होती. दांडी निर्दोष. वरच्या टोकाची पट्टी, जिला नट म्हणतात, तीही ठीक होती. दोष खोगिरातच होता.

“म्हणजे ०.९ मिलिमीटर घासायचं ना, आजोबा?” नातीने विचारले. मी तिला कपडे वाळत घालण्याची दोरी दाखविली. दोरीचे एक टोक वीतभर खाली बांधले, तर तिचा मध्य अर्धी वीतच खाली येतो. बारावा पडदा तारेच्या बरोबर मध्यावर असतो, तेथे ०.९ कमी हवे असेल तर टोकाला १.८ कमी करावे लागते. वहीतले गणित तिला प्रथमच हाताशी लागले.

मूळ पट्टी तशीच राखून नवी घासावी, असे ठरवून आम्ही दुकानात गेलो. दुकानदाराने एक पट्टी पुढे केली : “ही घ्या, हाडाची आहे. आवाज खुलतो.” नातीने विचारले, “कोणाचं हाड?” बहुधा गुराचे, असे उत्तर मिळताच तिने ती पट्टी काउंटरवर ठेवून दिली. तिला कोणी खूण केली नव्हती.

दुकानदाराचे म्हणणे निराधार नव्हते. हाड घट्ट व कठीण असते, कंपन चांगले वाहून नेते. म्हणून पिढ्यान्पिढ्या कारागीर ते वापरीत आले. तंबोऱ्याच्या घोडीसाठीही हस्तिदंत, शिंग, हाड वापरले जाई. मात्र घोडी लाकडाचीही होते, आणि गिटारीसाठी कृत्रिम घट्ट द्रव्याच्या पट्ट्या सहज मिळतात. मायकार्टा नावाचे द्रव्य तर कागदाचे किंवा कापडाचे थर राळेत दाबून केलेले असते. पट्टीचा तळ सपाट असणे आणि ती खाचेत नीट बसणे, हेही द्रव्याइतकेच महत्त्वाचे. आम्ही कृत्रिम पट्टी घेतली.

तारा हळूहळू सैल करून जुनी पट्टी काढली. नव्या पट्टीच्या तळापासून १.८ मिलिमीटरवर पेन्सिलीची रेघ ओढली. वरची कड तारांच्या हिशेबाने घडविलेली असते, म्हणून घासायचे ते तळाकडूनच. सपाट काचेवर पॉलिश पेपर चिकटविला आणि पट्टी उभी धरून समान दाबाने घासू लागलो. दर थोड्या वेळाने गुण्या लावून पाहिला. रेघेच्या थोडे अलीकडे थांबून तारा चढविल्या, सुरात लावल्या, मोजले आणि मग उरलेले काढले. घासून गेलेले परत येत नाही. ही घाई न करण्याची शिस्त फिटरला आणि संगीतकाराला सारखीच लागते. आमच्याजवळच्या मिरजेत तंबोऱ्याची जवारी काढणारे कारागीर हेच करतात : थोडे घासायचे, कानाने ऐकायचे, पुन्हा थोडे.

अखेर २.५ आणि १.९ भरले. नात आता दहा मिनिटांऐवजी अर्धा तास बसते. बोटांवर घट्टे पडत आहेत आणि ते पडावेत. ते तिच्या परिश्रमाचे आहेत. ती पुढे किती शिकेल, हे तिच्यावर सोपवावे. आपले काम एवढेच, की मुलाच्या जिद्दीची परीक्षा घेण्यापूर्वी त्याच्या हातातले साधन तपासावे.

पावसाळ्यात लाकूड दमट होऊन वरची फळी फुगते व तारा वर जातात. कोरड्या उन्हाळ्यात त्या खाली येतात. म्हणून जुनी पट्टी तारीख लिहून डबीत ठेवली आहे. वैशाखात पुन्हा मोजू. मोजपट्टी नातच धरणार आहे.