अभ्यासिकेतला समुद्र

वसईच्या किनाऱ्यावर बालपण गेलेल्या माणसाला बजाजनगरात समुद्र भेटेल, असे मला कधी वाटले नव्हते. वाळूजचे कारखाने, पाळी सुटल्यावर रस्त्यावर लोटणारी गर्दी आणि नळाला येणारे जायकवाडीचे गोडे पाणी, हे आमचे नित्याचे जग. परंतु धर्मग्रामातील एका तरुण अभियंत्याला कंपनीने सहा महिन्यांसाठी परगावी धाडले आणि जाताना त्याने आपली साठ लिटरची खाऱ्या पाण्याची काचपेटी माझ्या अभ्यासिकेत आणून ठेवली. "फादर, जेवढे पाणी आटेल तेवढे शुद्ध गोडे पाणी घाला, बाकी काही करू नका," एवढेच त्याने बजावले. ही दुसरी सूचना किती मोलाची होती, हे मला पुढे कळले.

पेटीत मासा एकच. बाकी सारा संसार झोअँथिडांचा. शर्टाच्या बटणाएवढी, हिरवी-केशरी, कडेला झालर असलेली शेकडो तोंडे एकाच खडकावर दाटीने उमललेली. ही प्रवाळांची मऊ भावंडे. दगडी प्रवाळ आपल्याकडे घरी बाळगता येत नाहीत. २००१ मध्ये त्यांचा समावेश वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत झाला, आणि ते योग्यच झाले. मालवणचा समुद्र, ज्याचा काही भाग १९८७ पासून अभयारण्य आहे, तिथे मी एकदा पाण्याखाली डोकावून ते पाहिले आहेत. पेटीतल्या त्या फुलांकडे पाहताना मला तो दिवस आठवे.

महिन्याभरात खडकाच्या कपारीत एक तपकिरी, काचेसारखे पारदर्शक समुद्रफूल दिसले. मोठे नाजूक. पण त्याच्या शेजारची झोअँथिडे मिटू लागली, कारण त्याच्या बोटांना दंश असतो. मी चिमट्याने ते उपटले. तीन आठवड्यांत तिथे नऊ झाली! फोनवर त्या तरुणाने सांगितले की त्याचे नाव एप्टेशिया; तळव्याचा कणभर तुकडा मागे उरला तरी त्यातून नवा जीव उभा राहतो. निदणाच्या दाखल्यावर मी पंचवीस वर्षे प्रवचने देत आलो आहे. चिमटा हाती घेताना त्यातले मला काहीच आठवले नव्हते.

उपाय मात्र घरगुती निघाला. निव्वळ विझवलेला चुना, रंग-वास काही न मिसळलेला, थोड्या पाण्यात दाट कालवायचा, पाण्याचा पंप क्षणभर बंद करायचा आणि सुईविना पिचकारीने तो त्या समुद्रफुलाच्या तोंडावर सोडायचा. घास समजून ते चुना आत घेते आणि विरघळते. एका दिवशी दोन-तीनच. अधिक केल्यास पाण्याचा सामू चढतो आणि बाकीच्यांच्या जिवावर बेततो. आमच्या स्वयंपाकाच्या मावशी पानाच्या डबीकडे पाहत म्हणाल्या, "फादर, माझी जीभ अजून शाबूत आहे ती नशिबानेच." गंमत अशी की हेच एप्टेशिया प्रयोगशाळांत मोलाचे मानले जाते. त्याच्या देहातही प्रवाळासारखेच सूक्ष्म शैवाल राहते, म्हणून समुद्र तापला की प्रवाळ पांढरे का पडतात, याचा अभ्यास त्याच्यावर करतात. २०१५ मध्ये त्याचा जनुकसंचही प्रसिद्ध झाला.

या साऱ्यात माझा सोबती होता आठवीतला एक वेदीसेवक. त्याची नजर तीक्ष्ण. चुन्याने एप्टेशिया आटोक्यात आले तरी झोअँथिडे मिटतच होती, तेव्हा रात्री टॉर्च लावून त्यानेच खरा चोर पकडला. तांदळाच्या दाण्याएवढी, शंख नसलेली समुद्री गोगलगाय. ती झोअँथिडे खाते आणि त्यांचाच रंग अंगावर वागवते. मी चष्मा लावून शोधली तरी सापडली नसती. खाली पांढऱ्या वेटोळ्यांत तिची अंडी.

आता जे लिहितो ते लिहायला संकोच वाटतो. मी मावशींना पातेलेभर पाणी उकळायला ठेवण्यास सांगितले. खडक बाहेर काढायचा, वर उकळते पाणी ओतायचे, कीड अंड्यांसकट संपेल, चार झोअँथिडे गेली तर गेली, असा माझा विचार. मुलगा खडक धरणार होता. पाण्याला आधण आले तेव्हा तोच म्हणाला, "फादर, दादाला एकदा विचारू या का?" मी काहीशा नाराजीनेच फोन लावला.

पलीकडून तो तरुण अक्षरशः ओरडला. अनेक झोअँथिडांच्या अंगी पॅलिटॉक्सिन नावाचे जहर असते. हवाईमध्ये १९७१ साली ते वेगळे करण्यात आले. ज्ञात विषांतील अत्यंत जहाल विषांत त्याची गणना होते. उकळते पाणी ओतले की ते वाफेबरोबर श्वासात जाऊ शकते. २०१८ मध्ये इंग्लंडच्या ऑक्सफर्डशायरमध्ये पेटीतले प्रवाळ खरवडताना एका घरातली सारी माणसे आणि मदतीला गेलेले अग्निशामक दलाचे जवानही रुग्णालयात गेले होते. मी गॅस बंद केला. मुलाला अंगणात पाठवले आणि बराच वेळ खुर्चीत बसून राहिलो.

त्याच्या आईला सांगायला मला रविवार उजाडला. मिस्सानंतर दारात थांबवून सारे सांगितले. ती माउली क्षणभर काही बोलली नाही. मग म्हणाली, "फादर, तो येईल, पण पेटीत हात घालणार नाही." मी होकार दिला.

पुढचे काम मी एकट्याने केले. हातमोजे, डोळ्यांना गॉगल, खिडक्या उघड्या. पेटीतलेच पाणी बादलीत घेऊन त्यात आयोडीनयुक्त औषध, खडक दहा मिनिटे बुडवून हलक्या पिचकारीने झाडायचा, स्वच्छ खाऱ्या पाण्यात धुऊन परत ठेवायचा. गोगलगाई गळून पडतात. अंड्यांवर मात्र औषध चालत नाही, म्हणून ती फुटण्याची वाट पाहून दर आठवड्याला पुन्हा तेच. सहा आठवडे मी हे केले. मुलगा दाराशी स्टुलावर बसून वहीत आकडे लिही: सतरा, नऊ, चार, एक, शून्य, शून्य.

अभियंता परतला तेव्हा जवळजवळ निम्मी झोअँथिडे गेली होती. त्याने पेटीभोवती फेरी मारली, वही चाळली, मग वाकून पंपामागे बोट दाखवले. तिथे एक इवलेसे एप्टेशिया डुलत होते.

"चुना आहे ना, फादर?" त्याने विचारले.

मुलगा आधीच स्वयंपाकघराकडे निघाला होता.